लांबूनच ओळख : रॉजर टोरी पीटरसन

अमेरिकेत नव्यानं आल्यावर आपल्यापैकी बहुतेकांना नावानिशी कळणारा पहिला पक्षी म्हणजे रॉबिन. मार्च उजाडला, लॉनवरचं बर्फ वितळलं, की हा विटकरी छातीचा पाहुणा हजर. दोन पावलं धावतो, थबकतो, मान तिरकी करतो आणि मातीतून गांडूळ ओढून काढतो. मुलं शाळेतून येऊन आपल्यालाच शिकवतात की हा रॉबिन. आपण मात्र जरा गोंधळतो. आपल्याकडे इंग्रजीत ज्याला मॅगपाय रॉबिन म्हणतात तो दयाळ काळा-पांढरा, शेपटी उभारून भल्या पहाटे गाणारा. इंग्लंडमध्ये राहून आलेली मंडळी सांगतात की तिथला रॉबिन तर चिमणीएवढाच. खरी गंमत अशी की अमेरिकेतला रॉबिन हा कस्तुराच्या कुळातला पक्षी. इंग्लंडहून इथे येऊन वसलेल्या लोकांनी त्याची तांबूस छाती पाहिली, त्यांना घरचा रॉबिन आठवला आणि त्यांनी ते नाव याला देऊन टाकलं. म्हणजे हे नावही कुणा स्थलांतरितांच्या घरच्या आठवणीतूनच आलेलं!

रॉबिनच्या पुढे मात्र आपली गाडी सहसा अडते. खिडकीबाहेरच्या फीडरवर येणारे इवलेसे करडे, तपकिरी, हिरवट पक्षी आपल्या लेखी सगळे चिमण्याच. एका लायब्ररीच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये मला एक डॉलरला पक्ष्यांचं एक गाईड मिळालं. कोपरे झिजलेले, आधीच्या मालकानं पक्ष्यांच्या नावांसमोर पेन्सिलीनं केलेल्या खुणा, कुठे कुठे तारखा. चित्रांमध्ये प्रत्येक पक्ष्याच्या अंगावर एक-दोन ठिकाणी रोखलेल्या बारीक रेघा होत्या, बाणासारख्या. त्या रेघा पाहता पाहता फीडरवरची गर्दी हळूहळू सुटी व्हायला लागली आणि वाटलं, हे ज्याला सुचलं तो माणूस कोण ते एकदा पाहावं. दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा हाच विषय समोर आला.

तो माणूस म्हणजे रॉजर टोरी पीटरसन. त्याच्या जन्माआधीची परिस्थिती थोडी सांगायला हवी. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीनं मारायचा, असा रिवाज होता. मेलेला पक्षी हातात घ्यायचा, पट्टीनं चोच आणि पंख मोजायचे, मग जाडजूड ग्रंथातल्या वर्णनाशी ताडून नाव ठरवायचं. चांगले चांगले शास्त्रज्ञ असंच करत. झाडाच्या शेंड्यावर काही दिसलं असं नुसतं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नसे. नाताळच्या दिवशी दोन गट पाडून जास्त पक्षी आणि प्राणी कोण मारतो अशी शर्यतही काही ठिकाणी लागे. १९०० साली न्यूयॉर्कच्या म्युझियममधले फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं की त्या दिवशी पक्षी मारण्याऐवजी मोजूया. पहिल्या वर्षी २७ जणांनी भाग घेतला. ती नाताळची पक्षीगणना आजही दर वर्षी होते. पण मोजायचं तर ओळखता यायला हवं, आणि तेही लांबून. तिथेच घोडं अडत होतं.

रॉजरचा जन्म २८ ऑगस्ट १९०८ चा, न्यूयॉर्क राज्याच्या नैऋत्य टोकाला असलेल्या जेम्सटाउन या गावातला. आपण नायगारा पाहायला जातो त्या बफेलोपासून हे गाव फार लांब नाही. फर्निचरच्या कारखान्यांचं गाव, आणि स्वीडनहून आलेल्यांची मोठी वस्ती. रॉजरचे वडील तान्हे असताना स्वीडनहून आले होते. दहाव्या वर्षी वडिलांचं छत्र हरपलं आणि त्यांना शाळा सोडून गिरणीत जावं लागलं. आईही परदेशातून लहानपणीच आलेली, लग्नाआधी शिक्षिका होती. म्हणजे घरात पहिल्या पिढीची ती आपल्याला ओळखीची काटकसर आणि कष्ट. अशा घरातला मुलगा दिवसभर रानात पक्षी आणि फुलपाखरं शोधत हिंडतो हे वडिलांच्या पचनी पडणं कठीणच होतं. गावातली मुलंही त्याला चिडवायची.

सातवीत त्याला ब्लांच हॉर्नबेक नावाच्या बाई शिक्षिका म्हणून लाभल्या. त्यांनी वर्गात ज्युनियर ऑडुबॉन क्लब सुरू केला. मुलांनी थोडी वर्गणी द्यायची आणि पक्ष्यांच्या माहितीची पत्रकं, रंगवायची चित्रं मिळायची. एवढंच. पण रॉजर तिथे अडकला तो कायमचा.

१९२० सालच्या एप्रिलमधली गोष्ट. अकरा वर्षांचा रॉजर मित्राबरोबर गावाबाहेरच्या टेकडीवर गेला होता. एका झाडाच्या खोडाला बिलगलेला पिसांचा तपकिरी गोळा त्याला दिसला. तो होता फ्लिकर, सुतार पक्ष्याच्या जातीचा. हालचाल नाही, मान पिसांत खुपसलेली. मुलांना वाटलं मेला. खरं तर लांबच्या प्रवासानं थकून तो झोपला होता. रॉजरनं हळूच हात लावला मात्र, त्या गोळ्यातून पिवळ्याधमक पंखांचा स्फोट झाल्यासारखा तो पक्षी उडून गेला. मेलेलं समजलेलं काहीतरी एकदम इतकं जिवंत निघालं, याचा धक्का पीटरसन म्हातारपणीही विसरले नाहीत. भाषणांतून, लेखांतून ते हा प्रसंग सांगत राहिले.

यानंतर त्यानं घरोघर वर्तमानपत्रं टाकून पैसे जमवले आणि एक कॅमेरा घेतला, काचेच्या प्लेटांचा, पेटीसारखा. प्लेट घालायची, फोटो घ्यायचा, पुन्हा दुसरी प्लेट. तोवर पक्षी दुसऱ्या झाडावर! आणि लांबच्या पक्ष्याचा फोटो काढला तर प्लेटवर उमटायचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. त्यामुळे कॅमेरा एका जागी लावून तासन् तास थांबणं आलं. आजकाल हातभर लांब लेन्स लावून सेकंदाला वीस-वीस फोटो घेणारी मंडळी पार्कात दिसतात, त्यांना हे खरं वाटणार नाही. पण ठिपक्याएवढ्या आकृतीतही काहीतरी ओळखण्यासारखं उरतं का, हा प्रश्न त्या मुलाच्या डोक्यात याच वयात पडला असणार. त्याला धक्का मिळाला एका पुस्तकातून. अर्नेस्ट थॉम्सन सीटन यांच्या मुलांसाठीच्या एका कादंबरीतला नायक काचेच्या कपाटातली पेंढा भरलेली बदकं पाहतो आणि त्याच्या लक्षात येतं की प्रत्येक बदकावर वेगळे डाग आणि पट्टे आहेत. लांबून बारकावे दिसत नाहीत, पण डागांची मांडणी दिसते. सैनिकांच्या गणवेशावरून पलटण कळावी तसं. तो त्या बदकांची साधी चित्रं काढून ठेवतो. कादंबरीतलं हे पान रॉजर विसरला नाही.

हे आपल्याला काही नवीन नाही खरं तर. भाताच्या बांधावरून कुणी येत असेल तर चेहरा दिसायच्या आधी नुसत्या चालीवरून आमची आजी सांगायची की अमका येतोय. आणि सारखी शेपटी आपटत चालणाऱ्या पक्ष्याला धोबी म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांनी तरी दुसरं काय केलं होतं?

शाळा संपल्यावर रॉजर फर्निचरच्या कारखान्यात लागला. चिनी पद्धतीच्या लाखकामाच्या कपाटांवर नक्षी रंगवायचं काम. तिथल्या वरिष्ठानं त्याचा हात पाहून चित्रकलेच्या शाळेत जाण्याचा आग्रह धरला. १९२५ साली पक्षीशास्त्रज्ञांचं अधिवेशन न्यूयॉर्कला भरलं, तिथल्या प्रदर्शनात सतरा वर्षांच्या रॉजरची दोन चित्रं लागली. तिथे त्याला भेटले लुई अगासिझ फ्युर्टेस, त्या काळचे अमेरिकेतले सर्वांत मोठे पक्षीचित्रकार. फ्युर्टेसनी त्याला आपला एक ब्रश दिला आणि चित्रं पाठवत जा, मी पाहून सांगत जाईन असं कबूल केलं. केवढी संधी! पण रॉजरनं काही पाठवलं नाही. अजून थोडं बरं जमू दे, मग पाठवू, असं करत दोन वर्षं गेली. १९२७ च्या ऑगस्टमध्ये रेल्वेच्या फाटकावर झालेल्या अपघातात फ्युर्टेस गेले. ही चुटपुट पीटरसनना आयुष्यभर राहिली. एखाद्या गुरुजींना पत्र लिहायचं राहून गेलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांना ती कळेल.

त्याच वर्षी तो न्यूयॉर्कला चित्रकला शिकायला आला. खर्च भागवायला पुन्हा फर्निचर रंगवणं होतंच. पण न्यूयॉर्कनं त्याला चित्रकलेइतकीच आणखी एक शाळा दिली. ब्राँक्समध्ये शाळकरी पोरांची एक टोळी होती, ब्राँक्स काउंटी बर्ड क्लब. पैसे नाहीत, गाडी नाही. सबवेनं जायचं आणि पार्कात, खाडीकाठी, अगदी कचऱ्याच्या ढिगांवरसुद्धा पक्षी शोधायचे. ब्राँक्सच्या बाहेरचा असूनही रॉजरला त्यांनी आपल्यात घेतलं. या सगळ्यांचा आदर्श होता लडलो ग्रिस्कम. म्युझियमचा हा शास्त्रज्ञ झुडपातून क्षणभर दिसलेल्या पक्ष्याचं नाव सांगायचा आणि का ते समजावूनही सांगायचा. डोळ्यांभोवती कडं आहे का, पंखावर पांढरे पट्टे किती, शेपटीच्या कडा पांढऱ्या आहेत का. बंदूक न उचलता जवळजवळ प्रत्येक पक्षी ओळखता येतो हे ग्रिस्कमनं जुन्या मंडळींच्या नाकावर टिच्चून दाखवून दिलं होतं. ग्रिस्कमची नजर, सीटनची बदकं आणि फर्निचरवर नक्षी काढलेला स्वतःचा हात, या सगळ्यांची मोट पीटरसननी बांधली.

पुस्तक लिही म्हणून मागे लागला तो विल्यम व्होट नावाचा मित्र. हिवाळ्यात हडसन नदीवर बदकं पाहत असताना पीटरसन इतक्या लांबून भराभर नावं सांगत होते की व्होटनं हट्टच धरला, हे सगळं चित्रांसकट लिहून काढ. तेव्हा जागतिक मंदी होती. पीटरसन मॅसॅच्युसेट्समध्ये ब्रुकलाइनच्या एका शाळेत शिकवत होते आणि रात्री पुस्तकाचं काम करत होते. न्यूयॉर्कच्या चार प्रकाशकांनी नकार दिला. शेवटी बॉस्टनच्या हॉटन मिफ्लिननं घेतलं, तेही हात राखून. प्रती २०००, आणि पहिल्या हजार प्रतींवर लेखकाला मानधन नाही. एप्रिल १९३४ मध्ये पुस्तक बाहेर पडलं, किंमत पावणेतीन डॉलर. लोकांच्या हाताला काम नव्हतं अशा दिवसांत ही किंमत थोडी नव्हती. तरी सगळ्या प्रती आठवडाभरात संपल्या.

या पुस्तकात असं होतं तरी काय? बहुतेक चित्रं काळी-पांढरी. पक्षी सगळे एका बाजूला तोंड करून, बाहुल्यांसारखे सरळ उभे. छाया-प्रकाश नाही, फांद्या-पानं नाहीत. गोंधळ होईल असे एकसारखे पक्षी मुद्दाम एकाच पानावर शेजारी शेजारी. आणि जिथे फरक आहे नेमक्या तिथे ती बारीक रेघ. मजकूरही तसाच, दोन-चार ओळींचा. द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेत अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पीटरसनचा बाणही तसाच नेमका, पण त्यानं पक्षी मरत नाही. उलट तो उडून गेल्यावरही त्याचं नाव आपल्याकडे राहतं.

एक उदाहरण देते, म्हणजे वाचकांना घरच्या घरी करून पाहता येईल. वॉर्बलर नावाचे बोटभर पक्षी इथे मे महिन्यात दक्षिणेतून येतात तेव्हा नवरदेवासारखे सजलेले असतात, ओळखायला सोपे. परतीच्या वाटेवर सप्टेंबर-ऑक्टोबरात तेच पक्षी नुसते मळकट हिरवे-पिवळे. एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. पीटरसननी या शरदातल्या गोंधळात टाकणाऱ्या वॉर्बलरांची वेगळी पानंच केली. अमेरिकेतल्या पक्षीवेड्यांमध्ये ती इतकी प्रसिद्ध आहेत की नुसतं नाव काढलं की लोक हसतात. यातला यलो-रम्प्ड वॉर्बलर आपल्या दिवाळीच्या सुमारालाही बऱ्याच ठिकाणी दिसतो. अंग तपकिरी, रेघारेघांचं, कुणाचं लक्षही जाऊ नये असं. पण तो पाठ करून उडाला की शेपटीच्या वर लोण्याच्या गोळ्यासारखा पिवळा ठिपका दिसतो. बस्स, ओळख पटली. तसाच पाम वॉर्बलर. त्याचा रंग पाहूच नका, सारखी शेपटी वरखाली हलतेय का ते पाहा, आपल्या धोब्यासारखी. आणि खोडावरून डोकं खाली करून उतरणारा पक्षी दिसला तर तो नटहॅच. आधी आकार ओळखीच्या पक्ष्याशी ताडायचा, चिमणीएवढा की रॉबिनएवढा, मग चोच, मग वागणूक आणि शेवटी रंग. आपण नवशिके नेमकं उलटं करतो, रंगापासून सुरुवात करतो आणि फसतो.

पुस्तक चाललं आणि पीटरसनचं आयुष्य ठरून गेलं. ऑडुबॉन सोसायटीत नोकरी, पश्चिमेकडच्या पक्ष्यांचं गाईड १९४१ मध्ये, महायुद्धात लष्कराच्या इंजिनीअर दलात पुस्तिकांचं काम, १९४७ मध्ये पहिल्या गाईडची सगळी चित्रं नव्यानं. १९५३ साली इंग्रज मित्र जेम्स फिशर यांच्याबरोबर न्यूफाउंडलंडपासून खाली मेक्सिको आणि वर अलास्का असा ३०,००० मैलांचा शंभर दिवसांचा प्रवास केला. त्या वर्षात पीटरसननी ५७२ जातींचे पक्षी पाहिले. युरोपच्या पक्ष्यांचं गाईड दोन इंग्रज सहकाऱ्यांबरोबर १९५४ मध्ये आलं आणि युरोपातल्या अनेक भाषांत गेलं. त्यांच्या देखरेखीखाली फुलांची, फुलपाखरांची, दगडांची, ताऱ्यांची अशी गाईडची मालिकाच निघाली. (आपल्याकडे सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक १९४१ चं, म्हणजे त्याच पिढीतलं. ती गोष्ट पुन्हा केव्हातरी.)

हे सगळं वाचताना मला मात्र सारखं एक टोचत राहिलं. हा माणूस मुळात चित्रकार व्हायला घराबाहेर पडला होता. फ्युर्टेससारखी चित्रं काढायची होती, ज्यात पक्ष्याच्या पिसांवर ऊन पडलेलं असतं, मागे धुकं असतं. आणि आयुष्य गेलं ते सरळ उभ्या बाहुल्या काढण्यात. गाईड जितकं खपेल तितकं त्याचं नव्यानं काम. शेकडो पक्षी, एकाच पद्धतीचे, ऊन नाही, सावली नाही. सुटकेचा रस्ता त्यांनी शोधला तो कॅमेऱ्यात. चित्र काढणं ही नोकरी, फोटो काढणं हा आनंद, अशीच त्यांची वाटणी होती. गळ्यात कॅमेरा नाही असे पीटरसन प्रवासात क्वचितच दिसायचे. १९४८ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या पक्ष्यांवरच्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी स्वतः काढलेले फोटो आहेत आणि त्या पुस्तकाला जॉन बरोज पदक मिळालं. सोळा मिलिमीटरच्या फिल्म घेऊन ते गावोगाव व्याख्यानं देत. अंटार्क्टिकाला पुनःपुन्हा गेले ते पेंग्विनसाठी, आणि तिथे त्यांना लांबून ओळखण्याची परीक्षा नव्हती, पेंग्विनच जवळ येत!

आणि तरीही, ज्याचा जीव कॅमेऱ्यात होता त्याच माणसानं गाईडमध्ये फोटो घालायला कायम नकार दिला. १९७७ मध्ये फोटोंचं गाईड बाजारात आलं, लोकांनी डोक्यावर घेतलं, तरी हे बधले नाहीत. त्यांचं कारण मला पटतं. फोटोत पक्षी एका क्षणाचा असतो. त्या क्षणी ऊन कसं होतं, मान कुठे वळली होती, पिसं फुगलेली होती का, यावर सगळं अवलंबून. सावलीत हिरवा पक्षी करडा दिसतो, संध्याकाळच्या उन्हात पांढरा पिवळा दिसतो, आणि हवी ती खूण नेमकी पानाआड. चित्रात मात्र चित्रकारानं पाहिलेले शंभर पक्षी एकत्र येतात आणि एक नमुना तयार होतो. आपण वीकएंडला काढलेले दोनशे फोटो संगणकावर मोठे करून बघत बसतो आणि तरी नाव ठरत नाही, तेव्हा हे पुरेपूर पटतं.

सत्तरीच्या सुमारास त्यांनी गाईड बाजूला सारून मोठी, मोकळी चित्रं रंगवायला घेतली. ती छापून विकलीही गेली. पण १९८० ची चौथी आवृत्ती आडवी आली, सगळी चित्रं पुन्हा, या वेळी सगळी रंगीत. सर्वसामान्यांनी ती भरभरून घेतली, मुरलेल्या पक्षीनिरीक्षकांनी मात्र नाकं मुरडली. त्यांनीच शिकवलेली पिढी आता त्यांच्यापेक्षा बारीक बघायला लागली होती. त्याच वर्षी अध्यक्ष कार्टर यांच्या हस्ते त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं.

घरची बाजू थोडक्यात सांगायची तर तीन लग्नं झाली. दुसरी पत्नी बार्बरा हिनं तीसेक वर्षं घर, दोन मुलगे, पत्रव्यवहार असं सगळं सांभाळलं म्हणून हे वर्षातले कितीतरी महिने रानात राहू शकले. चरित्रांमध्ये अशा बायकांना जेमतेम एक परिच्छेद मिळतो. मीही तेच केलंय, काय करणार!

आता ऑस्प्रेची गोष्ट. १९५४ मध्ये हे कुटुंब कनेक्टिकटमधल्या ओल्ड लाइम या गावी राहायला आलं. कनेक्टिकट नदी समुद्राला मिळते ते हे ठिकाण. पाण्यावर घिरट्या घालून पाय पुढे करून सूर मारणारा, मासे धरणारा ऑस्प्रे हा मोठा शिकारी पक्षी तेव्हा तिथे भरपूर होता. नदीच्या मुखाच्या आसपास सुमारे दीडशे घरटी होती. झाडांच्या शेंड्यांवर, खांबांवर, काटक्यांचे भले मोठे भारे. पीटरसननी हे घर घेण्यामागे ऑस्प्रे हेही एक कारण होतं. पण दोन-चार वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं की घरट्यांत पिल्लं दिसत नाहीत. पक्षी येतात, बसतात, अंडी घालतात आणि अंडी फुटतात किंवा उबतच नाहीत. दर वर्षी घरटी कमी. शंका होती डीडीटीवर. डास आणि किडे मारायला फवारलेलं हे औषध पाण्यातून माशांत, माशांतून ऑस्प्रेच्या अंगात साचत जायचं आणि अंड्याचं कवच पातळ व्हायचं. आई बसली की अंडं फुटायचं.

तरुण संशोधक या कामाला लागले. त्यांना पीटरसन दांपत्याचं पाठबळ होतं. त्यातला एक प्रयोग मला फार आवडला. मेरीलँडकडच्या चेसापीक उपसागरावरच्या ऑस्प्रेची अंडी आणून कनेक्टिकटच्या घरट्यांत ठेवली. ती नीट उबली. म्हणजे घरट्यात, उबवण्यात, तिथल्या आई-बापांच्या माशांच्या शिकारीत काही खोट नव्हती, दोष कनेक्टिकटच्या अंड्यांतच होता. रेचल कार्सन यांचं पुस्तक १९६२ मध्ये आलं तेव्हा औषध कंपन्यांनी त्यांच्यावर तोफ डागली होती. १९६४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष द्यायला पीटरसन गेले आणि आपल्या अंगणातल्या ऑस्प्रेचा हिशेब त्यांनी मांडला. त्या वेळेपर्यंत देशभर त्यांची गाईड हातात घेतलेले हजारो साधे लोक पक्षी ओळखायला, मोजायला आणि तारखेसकट लिहून ठेवायला शिकले होते. कुठे काय कमी झालं हे सांगायला आता नुसते शास्त्रज्ञ नव्हते, शिक्षिका, पोस्टमन, गृहिणी होत्या. सगळ्या करड्या पक्ष्यांना आपल्यासारखं चिमणी म्हणत राहिले असते तर त्यातली एक जात नाहीशी झाल्याचं कळलं कुणाला असतं? १९७० च्या सुमारास नदीच्या मुखावरची घरटी बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि ऑस्प्रे हळूहळू परतले. पीटरसनना ते घराजवळ पुन्हा पाहायला मिळाले.

अखेरपर्यंत हात थांबला नाही. ऐंशी उलटल्यावरही ते पाचव्या आवृत्तीची चित्रं करत होते. २८ जुलै १९९६ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला एक महिना असताना, ओल्ड लाइमच्या घरी त्यांचं निधन झालं. राहिलेलं काम इतरांनी पुरं केलं आणि ती आवृत्ती २००२ मध्ये आली.

कुणाला जावंसं वाटलं तर दोन जागा सांगते. नायगाराच्या फेरीला एक दिवस जोडला तर जेम्सटाउनला त्यांच्या नावाची संस्था आहे, तिथे त्यांची मूळ चित्रं आहेत, मुलांना आवडतील. दुसरी जागा ओल्ड लाइमची, ग्रेट आयलंड. तिथल्या पाणथळ गवताळ भागाला आता पीटरसन यांचं नाव दिलं आहे. काठावरून लांबवर पाण्यात उभे केलेले खांब दिसतात आणि त्यांवर काटक्यांचे भारे. एप्रिल ते जुलै जा. घरट्यांच्या जवळ जायचं नाही, काठावरूनच बघायचं, तेव्हा दुर्बीण विसरू नका. डोळ्यावरून गेलेला गडद पट्टा आणि उडताना कोपरात वाकल्यासारखे पंख, एवढ्या दोन खुणा पुरतात. डब्यात थालीपीठ असलं तर आणखी उत्तम, जवळपास खायला फारसं काही मिळत नाही.